पाऱ्याची परीक्षा

“पाऱ्याचं औषध रुग्णाला द्यावं की नाही, एवढंच सांगा काका.” पुतणी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते, काका रसौषधी स्वतः घोटणारे वैद्य.

काकांनी खलातली चिमूटभर कज्जली घेतली. पारा आणि गंधक समभाग घेऊन काजळासारखी भुकटी होईपर्यंत घोटलेली. बोटांत चोळून त्यांनी ती उन्हात धरली. भुकटी बोटांच्या रेषांत बसली होती. “दिसते कुठे चकाकी? मोकळा पारा उरलेला नाही. सोन्यावर घासलीस तरी पांढरा डाग पडणार नाही.”

“पाऱ्याचं सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे मान्य. पण डोळ्याला दिसणार नाही इतका पारा राहिला असेल तर? बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००४ साली ते छापूनही आलं.”

“कुणी कशी केली ती औषधं, कोण जाणे! शोधनच धड केलं नसेल, तर शास्त्राला दोष कशाला?”

“पण रुग्णाला तो फरक कळायचा कसा?”

काका थोडे थांबले. “माझ्या हातून इतकी माणसं बरी झाली गं.”

“बरी झाली ती तुमच्याकडे परत आली, काका. ज्यांची मूत्रपिंडं बिघडली असतील, ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असतील.”

पारा रुग्णाला द्यावा की नाही, या प्रश्नाला परंपरेतच एक उत्तर आहे. पाऱ्याच्या अठरा संस्कारांपैकी पहिले आठ औषधासाठी पुरेसे मानले जातात. पुढची वाट सोनं करण्याकडे आणि अमर देहाकडे जाते. सिद्ध केलेला पारा आधी धातूवर चालवून पाहावा, तिथे उतरला तरच देहाला द्यावा, असा ‘रसार्णव’ या रसग्रंथाचा दंडक आहे. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड काढला, तेव्हा अशा ग्रंथांकडे त्यांनी प्रयोगशाळेत मुरलेल्या माणसाच्या नजरेने पाहिलं.

“म्हणजे आधी परीक्षा, ही आमचीच रीत,” काका म्हणाले.

“रीत बरोबर, अनुमान चूक. धातूला मानवलं ते देहाला मानवेल, हे कशावरून? चीनचा तांग सम्राट वूझोंग ८४६ मध्ये अमरत्वाची औषधं घेऊनच गेला.”

पुतणीचंच म्हणणं खरं. दंडकातला क्रम आजही पाळण्याजोगा आहे. धातू आणि देह एकच, हे गृहीतक मात्र सोडायला हवं. काकांनाही ते पटलं असावं. “प्रत्येक घाण्याचा नमुना तपासायला देतो,” ते म्हणाले, “पण अहवाल येईपर्यंत दारात आलेल्या रुग्णाला काय सांगू?”

“थांबायला सांगा.”

पारा भारतीय औषध नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई-१ मध्ये आहे. अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, असा इशारा छापणं बंधनकारक आहे. तो इशारा आणि बनवणाऱ्याचं नाव नसलेली पुडी कुणीही दिली, तरी घेऊ नका.