जळगावात आणलेला समुद्र

मे महिना होता. रात्रीचे दोन वाजून गेले होते तरी जळगाव स्टेशनचा प्लॅटफॉर्म अजून तापलेलाच होता. ऑफिसच्या कामाने मुंबईला गेलो होतो आणि येताना थर्माकोलचा एक डबा घेऊन उतरलो होतो. कसाऱ्यापासून पाचोऱ्यापर्यंत तो मी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. रिक्षावाल्या काकांनी डब्याकडे पाहिलं.

“यामा काय शे भाऊ?”

“मासा.”

“खावाना?”

“नाही काका, पाळायचा. समुद्रातला आहे.”

काका थोडा वेळ गप्प बसले. मग कोर्ट चौकाच्या आसपास कधीतरी म्हणाले, “मंग गिरणामा मासोया नही शेतस का?”

मी हसलो. पुढचे पाच आठवडे मात्र तोच प्रश्न मला छळत राहिला, आणि अजूनही त्याचं धड उत्तर माझ्याकडे नाही.

डब्यात क्लीनर रास होता. बोटाएवढा, निळसर, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत गेलेला काळा पट्टा. प्रवाळाच्या खडकांवर हा मासा अक्षरशः दुकान मांडून बसतो. मोठे मासे त्याच्यापुढे येऊन थांबतात, तोंड उघडतात, कल्ले पसरतात, आणि हा त्यांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो. एक रास दिवसाला दोन हजारांहून जास्त वेळा गिऱ्हाइकं तपासतो, असं ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या संशोधनात मोजलं गेलंय. कधी तो लबाडीही करतो. परजीवी सोडून गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकट थरच चावतो, कारण त्याला तो जास्त आवडतो. पण रांगेतलं दुसरं गिऱ्हाईक बघत असेल तर लबाडी कमी करतो. थोडक्यात, आपल्या बाजारपेठेतला कुठलाही अनुभवी दुकानदार.

अशा माशाला मी दोनशे लिटरच्या टाकीत, फक्त दोन गिऱ्हाइकांसाठी आणलं होतं.

आता थोडं मागे जातो. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि बराच काळ इथूनच काम केलं. तेव्हा हा नाद लागला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, म्हणजे माझ्या टाकीला सात किलो लागतं. तेही किराणा दुकानातलं नाही, खास बनवलेलं. ते आरओच्या पाण्यात विरघळवायचं, आणि एक लिटर आरओ पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आई ते वाया जाणारं पाणी बादल्यांमध्ये धरून फरशी पुसते, अंगण धुते, आणि प्रत्येक बादलीबरोबर मला एक वाक्य ऐकवते. त्यात पाण्याचं तापमान सव्वीसच्या आसपास ठेवायचं. मेमध्ये बाहेर पंचेचाळीस असतं. म्हणून टाकीच्या खोलीत एसी बसवला. आई-बाबांच्या खोलीत अजून कूलर आहे. बाबा यावर कधी काही बोलले नाहीत. दुपारी मात्र ते पेपर घेऊन टाकीच्या खोलीत येऊन बसतात.

टाकीत क्लाउनफिशची जोडी होती, आणि ती समुद्रातून धरलेली नव्हती. क्लाउनफिश माणसाच्या हाताखाली अंडी घालतात, पिल्लं जगवता येतात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते करून दाखवलंय, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानने त्यांची पैदास केली. माझी जोडी टाकीतच जन्मलेली, तिने समुद्र पाहिलेलाच नाही. त्यामुळे तिच्याबाबतीत माझं मन बऱ्यापैकी स्वच्छ होतं. मग हौस वाढली आणि एक निळा डॅमसेल आणला. पिशवी उघडली आणि थेट टाकीत सोडला. दहा दिवसांत तिघांच्याही अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसायला लागले. डॅमसेल गेला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. न तपासलेला कोड थेट प्रॉडक्शनवर टाकणाऱ्याला आम्ही काय काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा, रोग दिसला तर तिथेच उपचार करायचे आणि मगच घरात घ्यायचा, हे या नादातलं पहिलं पुस्तक सांगतं. मी ते वाचलेलं होतं. पण ही वेगळी टाकी दिसते फार भयाण. वाळू नाही, दगड नाही, काचेचा रिकामा डबा आणि लपायला प्लंबिंगच्या पाइपचा एक तुकडा. एवढ्या लांबून आलेल्या जिवाला असल्या तुरुंगात ठेवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणजे मी दया दाखवली, आणि त्या दयेने सगळ्यांना रोग दिला.

रोग घालवायला मी रास आणला. परजीवी खाणारा मासा आणला की परजीवी संपतील, असा माझा हिशोब. तो चुकीचा होता, हे मला नंतर कळलं. पांढऱ्या ठिपक्यांचा हा परजीवी माशाच्या कातडीच्या आत शिरून बसतो, रासची चोच तिथे पोहोचत नाही. काही दिवसांनी तो गळून तळाशी जातो, कोष करतो आणि फुटून पुन्हा मासा शोधत निघतो. मासाच सापडला नाही तर मरतो. म्हणून खरा उपाय एकच. सगळे मासे बाहेर काढून उपचार करायचे आणि टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची. ज्या कामासाठी मी एका जिवाला चारशे किलोमीटर आणलं, ते काम त्याचं नव्हतंच.

त्या रात्री घरी आल्यावर मी जे केलं तेही सांगतो, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी वेगळं असतं, म्हणून बारीक नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीतल्या पाण्यात सोडायचं. मी खोलीतला दिवा मंद केला, पिशवी उघडून मासा बादलीत घेतला आणि पहाटे साडेपाचपर्यंत शेजारी बसून राहिलो. इतकं हळुवार काम मी आयुष्यात केलं नसेल. स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

पुढे त्याचं रसायनशास्त्र वाचलं. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी थोडं आम्लधर्मी होतं. माशाने टाकलेला अमोनिया अशा पाण्यात बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो. दुपारी चारला बांधलेली पिशवी मी रात्री अडीचला उघडली आणि त्याच पाण्यात त्याला तीन तास ठेवलं. प्रवास लांबचा असेल तर तापमान जुळवायचं, दोन्ही पाण्यांचा खारटपणा मोजायचा आणि मासा लवकरात लवकर स्वच्छ पाण्यात घ्यायचा, एवढंच हवं होतं. तो बादलीत भराभर कल्ले हलवत होता. मला वाटलं, घाबरलाय बिचारा, म्हणून मी थेंब आणखी हळू केले.

आपल्याला कळवळा येतो तेव्हा आपण काळजी घेतोय असंच वाटतं. मला त्या दोन्हींतलं अंतर त्या बादलीपाशी कळलं. कळवळा माझ्या आत होता, आणि तो खरा होता. पण माशापर्यंत पोहोचत होतं ते फक्त पाणी.

अमळनेर माझ्या आजोळाजवळ आहे. तिथे प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. साने गुरुजीही काही काळ तिथे होते. लहानपणी मला वाटायचं, मंदिर आहे म्हणजे आत देव असणार, आणि देव नाही हे कळल्यावर मी मामावर रुसलो होतो. ते नाव हल्ली पुन्हा आठवलं ते कांटमुळे. माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नये, असं कांट म्हणतो. पण प्राण्यांना तो या नियमात घेत नाही. त्यांच्याशी क्रूर वागू नये, कारण त्याने माणूस माणसाशीही निष्ठुर होतो, एवढंच त्याचं म्हणणं. बेन्थमने १७८९ च्या पुस्तकात प्रश्नच बदलला. प्राण्याला विचार करता येतो का हे सोडा, त्याला दुखतं का ते बघा. माशांना दुखतं का यावर ब्रिटनमध्ये २००३ साली ट्राउट माशांवर प्रयोग झाले. ओठात दाह करणारं द्रव्य टोचल्यावर ते ओठ खड्यांवर घासत राहिले आणि खाणं टाळत राहिले.

आणि मग २०१९. जपानी शास्त्रज्ञांनी आरसा ठेवून एका माशाच्या गळ्यावर खूण केली. आरशात ती दिसल्यावर मासा आपला गळा तळावर घासू लागला. आरशातला तो मी, एवढं त्याला कळत असावं. यावर वाद आहेत, आणि असू देत. पण तो मासा कुठला होता? क्लीनर रास. मी ज्याला गोळी-औषधासारखं विकत आणलं होतं तोच.

तो खाईना. फ्रोजन कोळंबीचं बारीक खाद्य, आर्टेमिया, लसूण लावलेलं खाद्य, सगळं केलं. आमच्या शाकाहारी घरात त्यासाठी वेगळा छोटा फ्रिज आला होता, ती कथा वेगळी. तो ते तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. मग क्लाउनफिशच्या मागे लागायचा, दिवसभर, दोनच गिऱ्हाइकांच्या. तेही वैतागले होते. शेवटी मी तिघांनाही त्या भयाण रिकाम्या टाकीत हलवलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तोवर त्याचं पोट आत गेलं होतं.

माझी वहिनी धुळ्याची. तिला सगळी हकीकत सांगताना मी म्हणालो, नव्या सुनेसारखंच असतं गं, नवं घर लागायला वेळ लागतो. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “भाऊजी, मला कोणी पिशवीत घालून आणलं नव्हतं. मी बघून, विचारून आले. आणि नाहीच पटलं तर अडीच तासांत एसटीने धुळ्याला.” मग म्हणाली, “त्याला सोडून या ना परत.”

परत कुठे? दुकानदाराला विचारलं होतं, मासा कुठून आला. “इंपोर्ट” म्हणाला. म्हणजे इंडोनेशिया असेल, श्रीलंका असेल, काहीही असेल. समजा नेलाच मुंबईच्या किनाऱ्यावर, तर तो त्याचा समुद्र नव्हे, आणि माझ्या टाकीतला रोग त्याच्या अंगावर. हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश ऐंशीच्या दशकापासून फ्लोरिडाच्या समुद्रात दिसू लागला, तो बहुधा असाच शौकिनांच्या टाक्यांमधून सुटलेला. आज तो तिथल्या माशांचा फडशा पाडतोय. आमच्या धंद्यात जवळपास प्रत्येक गोष्टीला अनडू असतो. त्याची इतकी सवय झाली आहे की एखादी गोष्ट आणताना ती परत ठेवता येणार आहे का, हे मी तपासतच नाही.

कायद्याने मला काही अडवलं नसतं. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयांसाठी कडक नियम काढले होते. १५८ जातींच्या विक्रीवर आणि प्रदर्शनावर बंदी होती, त्यात क्लाउनफिशही. विक्रेत्यांनी ओरड केली आणि काही महिन्यांत नियम मागे घेतले गेले. ते आंधळेच होते असं माझं मत. टाकीत जन्मलेला क्लाउनफिश आणि खडकावरून उचललेला मासा यांत त्यांनी फरक केला नाही. पण तो फरक मला तरी कुठे करायचा होता? करायचा असता तर दुकानात एकच प्रश्न विचारायचा होता.

एक सबब माझ्याकडे आहे. माझा पुतण्या सहा वर्षांचा आहे, त्याने अजून समुद्र पाहिलेला नाही. पण खारं पाणी म्हणजे काय, प्रवाळ जिवंत असतं, क्लाउनफिशमधली मादी मेली तर नराचीच मादी होते, हे तो शाळेत सगळ्यांना सांगत सुटतो. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून किती पोरांना असं वेड लावलं असेल. ही सबब मला फार आवडते, आणि म्हणूनच मी तिच्यावर जरा कमी विश्वास ठेवतो. पुतण्याला समुद्र दाखवायला दोन क्लाउनफिश पुरेसे होते. नाहीतर रात्रीच्या गाडीची तिकिटं.

चौतिसाव्या दिवशी सकाळी रास पाइपच्या तुकड्यात मेलेला सापडला. त्याआधीचे चार-पाच दिवस रात्री मी काम करत असलो की तो काचेपाशी येऊन थांबायचा. टाकीवरचा दिवा चालू, खोलीत अंधार. मला वाटायचं, माझ्याकडे बघतोय, ओळखतोय, भूक लागली असं सांगतोय. मी बोलायचोसुद्धा त्याच्याशी. ते आरशाचं वाचल्यावर लक्षात आलं की बाहेर अंधार असला की आतून ती काच आरशासारखी होत असणार.

त्याला परसदारी कडुनिंबाखाली पुरला. पुतण्याने विचारलं, याला समुद्रात का नाही नेत? बाबा म्हणाले, लांब आहे रे.

अडीच महिन्यांनी क्लाउनफिश परत मोठ्या टाकीत गेले. आता ते धडधाकट आहेत. रिकामी टाकी धुऊन माळ्यावर ठेवली आहे. बाबा दुपारी पेपर घेऊन येतात.

गेल्या आठवड्यात दुकानदाराचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. पिवळा टँग, ताटलीएवढा, झळझळीत. मी तो तीनदा पाहिला. मग लिहिलं, पैदाशीचा आहे की समुद्रातून धरलेला?

“एकदम ॲक्टिव्ह आहे भाऊ.”

खातो काय?

बराच वेळ टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं. मग उत्तर आलं.

“घरी आला की खाईल.”