वाळूची भिंत

मयताच्या घरी आपण हमखास म्हणतो, 'बरोबर काय न्यायचे आहे?' आणि महिन्याची मिस्सा होण्याआधीच त्या घरात जमिनीच्या वाटणीची बोलणी सुरू होतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेणाऱ्या आपणांस जग नश्वर आहे हे ठाऊक नाही असे थोडेच आहे! मग ते वागण्यात का उतरत नाही? शीख गुरूंनी या प्रश्नाचा केलेला विचार आपण ख्रिस्ती भाविकांनीही समजून घ्यावा असा आहे.

गुरू नानकांच्या 'आसा दी वार' या रचनेत राजा, प्रजा, महाल, सोने, इतकेच काय देहसुद्धा असत्य ठरवला आहे. पण देवाने निर्मिलेली विश्वे सत्य आहेत, असेही त्याच रचनेत म्हटले आहे. वाचणारा गोंधळतो. आम्हांला मात्र यात विसंगती दिसत नाही. जग देवाचे म्हणून खरे आहे, 'माझे' म्हणून खोटे. शेत खोटे नाही. सातबाऱ्यावरच्या आपल्या नावाला आपण जे अढळपण देतो, ते खोटे. माया म्हणतात ती हीच. आपल्या पवित्र शास्त्रातला उपदेशकही सर्व काही व्यर्थ म्हणतो आणि तरीही श्रमाचे सुख हे देवाचे देणे मानतो.

म्हणूनच गुरू नानकांनी संसार सोडायला सांगितले नाही. अखेरची वर्षे ते रावीकाठी करतारपूरला राहिले. तेथे त्यांनी शेती केली, लंगर चालवला आणि १५३९ साली तेथेच देह ठेवला. जे टिकणार नाही ते कोठारात कोंडण्यापेक्षा पंगतीत वाढलेले बरे, असा हा साधा हिशेब होता.

नववे गुरू तेगबहादूर यांचे श्लोक गुरू ग्रंथसाहिबाच्या अखेरीस येतात. (याच ग्रंथात आपल्या संत नामदेवांची पदेही आहेत.) जगाला वाळूच्या भिंतीची उपमा त्यांनी दिली. औरंगजेबाच्या काळात, १६७५ साली, दिल्लीत त्यांचा शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांना आपला धर्म पाळता यावा यासाठी ते मृत्यूला सामोरे गेले, असे शीख परंपरा सांगते. तो धर्म त्यांचा स्वतःचा नव्हता.

त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला निवर्तले. तेथील हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाण्याचा योग आला तर लंगरच्या पंगतीला अवश्य बसावे. शेजारी कोण बसले आहे, हे तेथे कोणी विचारत नाही.