गुडघ्यावरचे खापर

एका गावात एक निवृत्त पोस्टमन राहत होते. सगळी नोकरी वाड्यावस्त्या तुडवण्यात गेली आणि उतारवयात गुडघ्यांनी दगा दिला. चालणे आधी चावडीपर्यंत उरले, मग अंगणापुरते.

मुलाने सांधा बदलून घ्यायचे ठरवले. तारीख ठरली, रजा मंजूर झाली. ईसीजीत मोठा दोष निघाला नाही. आता भूलतज्ज्ञ बाईंची सही तेवढी राहिली होती.

बाईंनी विचारले, "काका, न थांबता दोन जिने चढता येतात?"

"गुडघेच नाहीत, तर जिने कसले!" म्हातारबुवा हसले. "छातीत मात्र कधी दुखलं नाही हं."

मुलगा म्हणाला, "मॅडम, ईसीजी ठीक आहे. फिटनेसचं तेवढं लिहून द्या."

बाईंनी पेन उचलले नाही. दाराजवळ मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या काकूंकडे त्या वळल्या. "काकू, हे रात्री झोपतात कसे?"

काकूंना आजवर हे कोणी विचारले नव्हते. "पूर्वी एक उशी लागायची. दिवाळीपासून तीन लागतात. आडवं झालं की जीव घाबरा होतो म्हणतात. संध्याकाळी चपला पायात जात नाहीत. मला वाटलं, गुडघ्याचीच सूज खाली उतरली असेल."

त्या घरात जे काही बिघडे, त्याचे खापर गुडघ्यावर फुटत होते.

बाईंनी काकांना पलंगावर रेलून बसवले आणि मान किंचित वळवायला सांगितली. मानेतली शीर फुगून पार कानाच्या पाळीकडे गेलेली दिसत होती. त्यांनी घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"तारीख पुढे ढकला," बाई म्हणाल्या. "आधी टू-डी इको करू."

मुलगा चिडला. रजा वाया जाणार होती. "पण ईसीजी ठीक आहे ना?"

"ईसीजी माणूस स्वस्थ पडलेला असताना काढतात. ऑपरेशन म्हणजे हृदयाला घाट चढायला लावणं. रक्त जातं, सलाइन चढतं, कळा येतात, नाडी धावते. यांचं हृदय घाटात टिकेल का, ते मला पाहायचंय."

निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यातले निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलते. इकोत दिसले, काकांचे 35 टक्केच ढकलत होते. हृदयरोगतज्ज्ञांनी औषधे सुरू केली, मीठ तोडले. काही महिन्यांत सूज उतरली, उशी एकावर आली.

मग बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितले, "धोका कमी झालाय, गेलेला नाही."

काका म्हणाले, "मला देवळापर्यंत चालायचंय. करा."

ऑपरेशन झाले. दुसऱ्या रात्री काकांना दम लागला. पण आयसीयूत बेड आधीच राखून ठेवला होता, सलाइन मोजून चालले होते, लघवी वाढवणारे इंजेक्शन हाताशी होते. पहाटेपर्यंत श्वास सुधारला.

बाईंनी नवे काही शोधले नव्हते. 1977 साली अमेरिकेत ली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी हृदयाखेरीज इतर ऑपरेशने झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या 1001 रुग्णांची पाहणी करून हृदयाच्या धोक्याला गुण लावले. आधीच्या सहा महिन्यांतल्या हार्ट अ‍ॅटॅकला 10 गुण होते. मानेची फुगलेली शीर किंवा हृदयाचा तिसरा आवाज, म्हणजे हृदय थकल्याच्या खुणा, यांना सर्वांत जास्त, 11. 1999 साली आलेल्या सहा मुद्द्यांच्या यादीतही थकलेले हृदय आहेच. हा थकवा बहुधा यंत्राआधी घरच्यांच्या नजरेला पडतो, पण घरच्यांना विचारतो कोण?

तुमच्या घरात कुणाचे मोठे ऑपरेशन ठरले असेल, तर भूलतज्ज्ञांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे न्या आणि रुग्णाची रात्र ज्याला ठाऊक आहे, असे माणूस बरोबर न्या. त्या माणसाने विचारण्याची वाट न पाहता बोलावे.