वफादारीचे तिकीट

'वफा' हा शब्द उर्दूतून मराठीत आला, 'वफादार' झाला, आणि त्याला नोकराच्या किंवा कुत्र्याच्या इमानाचा वास चिकटला. मूळ अरबीत त्याचा अर्थ दिलेला शब्द पुरा करणे, देणे पूर्ण चुकते करणे असा आहे. म्हणजे वफा एकतर्फी नसते. मैदानावरच्या खेळाविषयी लिहिताना हा शब्द आठवण्याचे कारण असे, की अलीकडे चाहत्याची वफादारी हा विक्रीचा माल झाला आहे. आणि गंमत म्हणजे तो माल चाहत्यालाच विकला जातो.

अमेरिकेत विद्यापीठांच्या बास्केटबॉलचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखेच आहे. तिथे अख्ख्या हंगामाचे तिकीट मिळते. परंतु अनेक नामांकित विद्यापीठांत चांगली खुर्ची हवी असेल तर आधी क्रीडा विभागाला 'देणगी' द्यावी लागते. तिने फक्त तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळतो. तिकिटाचे पैसे वेगळे. २०१७ पर्यंत या देणगीच्या ८० टक्के रकमेवर आयकरात सवलतही होती. २०१८ पासून ती बंद झाली. आम्हांला यातला 'देणगी' हा शब्द खटकतो. ज्याच्या बदल्यात पुढची रांग मिळते त्याला खैरात म्हणत नाहीत, सौदा म्हणतात. त्याच देशात ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी मोठ्या सामन्यासाठी भर थंडीत तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात आणि फुकट प्रवेश मिळवतात. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने झोप दिली. खरे प्रेम कोणाचे, हे आम्ही ठरवणार नाही. पण पैसे आणि झोप दोन्ही ज्याच्यापाशी नाहीत, दिवसपाळी आणि रातपाळी करणाऱ्या त्या माणसाचे प्रेम कुठल्या खात्यात धरायचे?

आपल्याकडे 'सीझन तिकीट' म्हणजे कसोटीच्या पाचही दिवसांचे तिकीट. नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर १९६९ साली न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी झाली. १९८७ च्या विश्वचषकात याच मैदानावर चेतन शर्माने हॅट्‌ट्रिक घेतली आणि गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक ठोकले. आजही सदर, मोमीनपुऱ्यात त्या दिवसाच्या गोष्टी सांगणारे भेटतात. त्यांतले निम्मे खरोखर आत होते का, ही शंका आम्ही मनातच ठेवतो.

पण याच मैदानाची दुसरी तारीखही आहे. २६ नोव्हेंबर १९९५, भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामना. जेवणाच्या सुटीत नव्याने बांधलेल्या गॅलरीची भिंत कोसळली आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक दगावले. सामना मात्र पुढे खेळवला गेला. न्यूझीलंडने तो ९९ धावांनी जिंकला, अ‍ॅस्टलचे शतक नोंदले गेले. तिकीट हा केवळ पावतीचा कागद नव्हे. ते देणारा माणूस आपला जीव काही तासांसाठी दुसऱ्याच्या हवाली करतो. आमच्या भाषेत याला अमानत म्हणतात. अमानतीचा हिशेब धावफलकावर मांडत नाहीत, म्हणून तो चुकताही होत नाही.

पुढे २००८ मध्ये कसोटी वर्धा रोडवर, शहराबाहेर जामठ्याला गेली. मैदान देखणे, बैठका ऐसपैस. तिथली पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाविरुद्ध, सौरव गांगुलीची अखेरची. आणि तरी गॅलऱ्या ओस होत्या. लोक म्हणाले, नागपूरकरांना कसोटीची कदर नाही. आम्हांला हा निवाडा घाईचा वाटतो. सिव्हिल लाइन्सला माणूस पायी किंवा सायकलने जात होता, अर्धा दिवस काम करून दुपारनंतरही पोचत होता. जामठ्याला जायचे म्हणजे गाडीभाडे आणि अख्ख्या दिवसाची मजुरी. हे दुसरे तिकीट खिडकीवर मिळत नाही, पण वसूल होतेच. कामठीच्या रब्बानी क्लबचा किंवा मोमीनपुऱ्याच्या यंग मुस्लिमचा फुटबॉल सामना असला की तोच माणूस मैदानाच्या कडेला उन्हात उभा दिसतो. कदर त्याच्यात आहे.

कोणी म्हणेल, किंमत मागणीवर ठरते आणि सामना न पाहिल्याने कोणी मरत नाही. दुसरी गोष्ट खरी आहे, म्हणूनच प्रश्न अवघड होतो. मोहल्ल्यातला किराणावाला जुन्या गिऱ्हाइकाला उधारी देतो, मापात मूठभर जास्त टाकतो. खेळाच्या बाजारात मात्र जुन्या गिऱ्हाइकाकडून जास्त घेतात, कारण तो दुसऱ्या दुकानात जाणार नाही हे माहीत असते. फिक्हमध्ये अगतिक माणसाची अडचण पाहून केलेला सौदा निंद्य मानला आहे. चाहत्याची अगतिकता भुकेची नाही, हे कबूल. पण ती तयार कोणी केली? 'तुम्ही आमचे कुटुंब' असे फलक लावून ज्याने माणसाला बांधून घेतले, त्यानेच पुढे त्या गाठीचे भाडे लावावे, हे आम्हांला रास्त वाटत नाही. तोट्यातल्या क्लबाने दर वाढवला तर ती वेगळी बाब. तिथे मागणाराही काही सोसत असतो.

इंग्लंडात लिव्हरपूलच्या चाहत्यांनी हे फार नेमके सांगितले. क्लबने सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करायचे ठरवले, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ ला संडरलंडविरुद्ध संघ २-० ने पुढे असताना ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. आपल्याच संघाकडे पाठ फिरवून जाणारे ते लोक बेवफा होते, असे कोणाला म्हणवेल?

वफादारीची परीक्षा आमच्या समाजाला नवी नाही. भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री आमच्या गल्लीत फटाके कधी वाजले, याची नोंद ठेवणारे लोक आहेत. भारत जिंकल्यावर वाजलेले फटाके त्यांच्या वहीत चढत नाहीत. २०२१ साली दुबईतल्या पराभवानंतर मोहम्मद शमीला काय काय ऐकावे लागले, ते सर्वांना ठाऊक आहे. पुन्हा पुन्हा पुरावा मागणारा आपण स्वतः काय देणे लागतो, हे सहसा विचारत नाही. तिकीट खिडकीच्या आतला माणूस आणि हा वहीवाला, दोघांची या बाबतीत एकच तऱ्हा.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. पहिले अजिंक्यपद मिळायला २०१८ चा जानेवारी उजाडला. कर्णधार होता आपल्या नागपूरचा फैज फजल. मधल्या साठ वर्षांत हरणाऱ्या संघासाठी उन्हात येऊन बसणारी माणसे होती. रणजीला बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट असतो, म्हणून त्यांच्यापाशी एका तिकिटाचाही अर्धा कागद नाही. ६ फेब्रुवारी २०२५ ला जामठ्यात भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला, तिकिटे इंटरनेटवर विकली गेली. वीस दिवसांनी त्याच मैदानावर विदर्भ-केरळ रणजी अंतिम सामना सुरू झाला आणि विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला. ज्या म्हाताऱ्याला मोबाइलवर तिकीट काढता येत नाही, पण विदर्भाचे चाळीस वर्षांपूर्वीचे गोलंदाज ओळीने सांगता येतात, त्याच्यासाठी मोठ्या सामन्याला एक गॅलरी रणजीच्याच दराने राखून ठेवता येईल. शहरातून बसही सोडता येईल. त्याला ओळखायचे कसे, हा प्रश्न राहतो. रणजीच्या दिवशी फाटकावर उभे राहून नावे लिहून घेतली, तर वही फार जाड होणार नाही.