विकतचा दाह

दाह शरीराला नको असतो, हें सिद्ध करण्यास शास्त्राची गरज नाहीं. तरीहि माणसें खिशांतले पैसे मोजून तो विकत घेतात, आणि तेंहि हौसेनें. कोल्हापुराला लागून असलेल्या उचगांवीं सायंकाळीं रस्त्याकडेला चायनीजच्या गाडीभोंवतीं जी गर्दी जमते, ती पाहून हा विरोधाभास कोणाच्याहि ध्यानांत येईल. मोठ्या आंचेवर कढई तापलेली असते. कोबी, ढबू मिरची, कांद्याची पात, नूडल्स आणि लालभडक शेजवान चटणी यांची पाहतां पाहतां परतणी होते. आणि शेजारच्या गांधीनगरच्या कापडबाजारांत दिवसभर गठ्ठे वाहिलेला हमाल, कारखान्यांतून सुटलेला फिटर व कॉलेजांतला विद्यार्थी हे तिघेहि नाक पुसत, हाश्‌हुश्‌ करीत तें खातात. स्वस्त म्हणून खातात, हें उत्तर अपुरें आहे. स्वस्त तर केळींहि असतात. पण केळीं खाण्यासाठीं कोणी मित्रांचें टोळकें जमवीत नाहीं. मग या दाहांत सुख तें कोणतें?

शेजवान हें नांव चीनमधील सिच्वान प्रांतावरून आलें. त्या प्रांताच्या तिखटाचीं दोन अंगें आहेत: ‘ला’ म्हणजे जाळणारें, आणि ‘मा’ म्हणजे जिभेला मुंग्या आणणारें. पहिलें मिरचीचें काम. दुसरें एका झाडाच्या फळाच्या सालीचें. घाटाखालीं कोंकणांत बांगड्याच्या आमटींत जें तिरफळ घालतात, तें या फळाचें सख्खें भावंड. आमच्या गाडीवरच्या शेजवानांत हें फळ बहुधा नसतें. लसूण आणि मिरची यांवरच भागतें. यावरून ‘हें खरें चिनी नव्हे’ असें म्हणून नाक मुरडण्याची चाल सुशिक्षितांत पडली आहे. मला तिच्यांत फारसा अर्थ दिसत नाहीं. मिरची मुळांत अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकांत आमच्या किनाऱ्यास लागली, आणि चीनलाहि ती तितकीच परकी होती. गीतेच्या सतराव्या अध्यायांत तिखटजाळ अन्नाला राजस म्हटलें आहे व त्याचें फळ दुःख आणि रोग असें सांगितलें आहे. पण तो अध्याय रचला गेला तेव्हां या देशांत मिरची नव्हती, तिखटपणा मिऱ्यांचा व पिंपळीचा होता. अस्सलपणाचा हिशेब काढूं गेल्यास कोल्हापूरचा तांबडा रस्साहि परदेशीच ठरेल.

मूळ प्रश्नाकडे वळूं. मिरचींतील कॅप्सेसिन हें द्रव्य, पोळल्याची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंचें द्वारच उघडतें. हें द्वार १९९७ सालीं डेव्हिड ज्यूलियस व त्यांचे सहकारी यांनीं ओळखलें. त्या संशोधनासाठीं ज्यूलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. म्हणजे मेंदूला आग लागल्याची बातमी पोंचते, आग मात्र कोठेंच नसते. मराठी वाचकाला हा पेंच अगदींच अनोळखी नसावा. शोकांत नाटक पाहतांना आनंद कां होतो, या प्रश्नाचा ऊहापोह करतांना न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत ‘सविकल्प समाधि’ची कल्पना मांडली होती: आपण दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतों, पण स्वतःची भूमिका सोडीत नाहीं. नाटकाला हें उत्तर कितपत लागू पडतें हा वाद बाजूस ठेवूं. मिरचीला तें तंतोतंत लागू पडतें. जीभ म्हणते मी जळतें आहे. जिभेचा धनी जाणतो कीं कांहीं जळत नाहीं.

परंतु या समाधीला एक अट आहे: ती हवी तेव्हां मोडतां आली पाहिजे. पाण्यानें हा दाह शमत नाहीं, कारण कॅप्सेसिन पाण्यांत विरघळत नाहीं. पण दह्याच्या वाटीनें शमतो, आणि प्लेट खालीं ठेवण्याची मुभा तर असतेच. ज्याला ही मुभा नाहीं त्याचें काय? कालवणाची ऐपत नसतां दोन भाकरी घशाखालीं उतराव्या म्हणून शेतमजूर खर्डा खातो. त्याचें तिखट हा खेळ नव्हे. यांग्त्सेकाठच्या चोंगचिंग शहरांतला तिखट हॉट-पॉट, जो आतां रस्सा न ठेवतां परतूनहि देतात, तोहि मूळ नावाडी व हमाल यांचाच, असें मानतात. कोणी न घेतलेलीं आंतडीं मसाल्याच्या जोरावर खाण्याजोगीं करण्याची ती युक्ति होती. गरजेची वस्तु सुस्थितांच्या हातीं गेली म्हणजे तिची चैन होते. यांत पाप आहे असें मी म्हणत नाहीं. पण चैन करणाऱ्यानें गरजवंताच्या जिभेचें कौतुक करूं नये, एवढें खरें.

आणि गाडीवाला? ती प्लेट स्वस्त राहते ती तेल किंवा गॅस स्वस्त असतो म्हणून नव्हे. दुपारपासून कोबी चिरणाऱ्या बायकोची आणि प्लेटी विसळणाऱ्या पोराची मजुरी किंमतींत धरलेलीच नसते. पांच रुपये वाढवले तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जाईल या धाकानें तो गप्प राहतो; आणि मोठ्या हॉटेलांत बिलाकडे न पाहतां नोटा ठेवणारे आम्ही त्याच्याशीं मात्र घासाघीस करतों.

त्याच्यापुढची आग खरी असते. तापल्या तेलांत चटणी पडली कीं तिचा ठसका रस्त्यापर्यंत येतो. गिऱ्हाइकें हंसत, खोकत, नाकाला रुमाल लावून चार पावलें मागें सरतात, आणि तेथूनच ‘अजून थोडं तिखट टाका, मामा’ म्हणून सांगतात. तो मान फिरवून एकदां खोकतो, आणि झारा हलवीत राहतो.