जोडाच्या खालचा फुटवा

दापोली तालुक्यातल्या एका गावात एका आईची दहा-बारा गुंठे वरकस जमीन पडून होती. मुलगा मुंबईला नोकरीला. एका वर्षी जूनमध्ये तो रजा काढून आला, यंदा हापूसची दहा कलमं लावायचीच म्हणून. आईने मे महिन्यातच दहा-दहा मीटरवर मीटरभर खोल खड्डे खणून घेतले होते.

1972 पासून कृषी विद्यापीठ दापोलीतच असल्याने कलम बांधणारे कुशल हात त्या भागात गावोगाव सापडतात. दोघं नर्सरीत गेले. मुलाने एका नजरेत पाच कलमं निवडली. सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवीगार. "आई, बाकीची पाच तू घे. पण लवकर हं, टेम्पो थांबलाय."

आईला घाई जमत नसे. एकेका पिशवीपाशी ती उकिडवी बसली. पहिली पिशवी उचलायला गेली तर ती जमिनीला चिकटलेली. मुळं बूड फोडून खाली मातीत शिरली होती. नर्सरीतला मुलगा म्हणाला, "काकी, ओढतो मी." त्याने हिसका दिला, मूळ तटकन तुटलं. आईने ते कलम बाजूला ठेवायला सांगितलं. दुसऱ्याची पानं उलटी करून पाहिली, तर त्यांवर मिजमाशीच्या बारीक गाठी. तिसऱ्याला नुकती तांबूस पालवी फुटलेली. दिसायला देखणं, पण कोवळ्या पालवीचं रोप प्रवासात आणि लावणीत माना टाकतं. तेही राहिलं.

मग तिने जोड पाहायला सुरुवात केली, आणि खरी पारख इथेच असते. रायवळ आंब्याची कोय रुजवतात, कोवळं रोप कापून त्यावर हापूसची काडी बांधतात. मुळं रायवळाची, फांद्या हापूसच्या. जोड भरून एकजीव झाला आहे का, बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सालीत रुतली आहे का, हे ती बोट फिरवून बघत होती. अशी पाच कलमं मिळायला तास गेला. उंचीला ती मुलाच्या कलमांच्या निम्मी होती.

"हे काय गं, एवढ्या वेळात एवढीशी?" मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लावणी सुरू झाली. मुलाचं सर्वांत उंच कलम खड्ड्यात ठेवताना आईने त्याचा हात धरला. जोडाच्या वरची हापूसची काडी वाळून कोळ झाली होती. हिरवं दिसत होतं ते सगळं जोडाच्या खालून आलेल्या फुटव्याचं.

"बाबू, हे हापूस नाही. हे रायवळ आहे."

"अगं, केवढा जोर आहे बघ त्याला!"

"जोर आहेच. पण हापूसचा नाही."

त्याने ते तरीही लावलं. पैसे मोजलेले होते, आणि इतकं हिरवं झाड टाकून द्यायला मन होईना. आईने वाद घातला नाही. बाकीच्या सगळ्यांचा जोड जमिनीच्या वर राहील याकडे तिने जातीने लक्ष दिलं.

मुलाच्या कलमांपैकी दोन दिवाळीच्या आत वाळली. उपटून पाहिलं तर मुळं पिशवीच्या आकारातच गोल गोल गुंडाळलेली, बाहेरच्या मातीत एकही गेलेलं नव्हतं. इतके दिवस पिशवीत ठेवलेली रोपं उंच तर होणारच! आईची पाचही जगली. सुरुवातीची वर्षं तिने त्यांचा मोहर खुडून टाकला, पाचव्या वर्षी ठेवला आणि घरात पेटीभर हापूस आला.

तो उंच रायवळ मात्र सगळ्यांना मागे टाकून वाढत राहिला. आठव्या वर्षी त्याला फळ धरलं. लहान, आंबट, धाग्याधाग्याचं. त्या मे महिन्यात मुलगा कुऱ्हाड घेऊन निघाला.

आईने त्याला अडवलं. "झाडाचा काय दोष? ते रायवळच होतं, रायवळच आलं. तोडू नको, कैऱ्या लोणच्याला होतील. फक्त हापूस म्हणून कोणाला देऊ नको."

पुढच्या जूनमध्ये वाळलेल्या दोन कलमांच्या रिकाम्या खड्ड्यांसाठी नवी कलमं आणायला मुलगा एकटाच नर्सरीत गेला. टेम्पोवाल्याला त्याने दोन तासांनी यायला सांगितलं होतं.