मुकादम गेला कुठे?

सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एखादा माणूस उभा राहतो. राजा, पाटील, पोलीस, सेठ, नाहीतर मुकादम. त्याच्या हातात काठी असते किंवा पगाराची वही असते. ज्याच्यावर ही सत्ता चालते त्यालाही आपण कोणाच्या ताब्यात आहोत हे पक्के ठाऊक असते. आजच्या भांडवलशाही समाजात मात्र हे चित्र बदलले आहे. काठी दिसत नाही, हुकूम सोडणारा दिसत नाही, तरीही माणूस ऊर फुटेस्तोवर धावतो आहे. मग सत्ता संपली, की तिने फक्त आपला चेहरा झाकून घेतला? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, तितकाच तो अखलाकचा, म्हणजे नीतीचाही आहे.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मुंबईच्या मदनपुऱ्यात, भिवंडीत आणि मालेगावात स्थिरावले. हातमाग घरातच असे. विणकर गरीब होता, सुताच्या व्यापाऱ्याच्या कर्जात बुडालेला होता. पण माग कधी थांबवायचा आणि नमाजसाठी कधी उठायचे, हे बरेचसे त्याच्या हातात होते. गिरणी आली आणि वेळ त्याच्या हातून गेली. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे गिरणगाव वाढले आणि भोंगा माणसांच्या झोपेवर राज्य करू लागला.

गिरणीतला मुकादम, म्हणजे जॉबर, हा सत्तेचा उघडा चेहरा होता. कामावर लावणारा तोच, काढणारा तोच आणि दस्तुरी खाणाराही तोच. बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहून त्याच्या नजरेची वाट पाहत असे. त्या जुन्या जगाबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो उष्टा होतो, म्हणून दलित कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. त्या काळी जुलूम होता, पण तो कोण करतो हे माहीत होते.

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या बदलाचा मागोवा घेतला. पूर्वीची सत्ता गुन्हेगाराच्या देहाला भर चौकात शिक्षा देत होती. आधुनिक सत्ता देहाला शिस्त लावते. त्यासाठी त्यांनी जेरेमी बेंथम यांच्या अठराव्या शतकातल्या तुरुंगाच्या आराखड्याचा दाखला दिला. मध्यभागी मनोरा आणि भोवती गोलाकार कोठड्या. मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला कळत नाही, म्हणून तो सतत नीट वागतो. फुकोंच्या मते कारखाना, बराक, इस्पितळ आणि शाळा हे सारे याच घडणीचे आहेत. घंटा, रांग, हजेरीपट, तपासणी. आम्हा शिक्षकांना हे वाचून थोडे अस्वस्थ व्हायला होते, कारण यातले काहीच खोटे नाही.

परंतु या शिस्तीचा एक उलटा परिणामही झाला. एका छपराखाली हजारो माणसे आणली, की ती एकमेकांशी बोलू लागतात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा आपण कोणाविरुद्ध उभे आहोत हे त्यांना माहीत होते. तो संप फसला, गिरणगाव उजाड झाले आणि कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणखीच एकवटले. तिथे सत्तेने आपले रूप बदलले. मजुरी कापडाच्या मापावर, पाळी बहुधा बारा तासांची. जो थांबेल त्याचेच नुकसान, म्हणून कोणी ओरडावे लागत नाही. कामगार स्वतःच स्वतःचा मुकादम होतो. उचल घेतली असेल तर पायात बेडी नसतानाही तो बांधलेला असतो. एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवले, की कारखान्याचा कायदाही बाहेरच थांबतो. मालक कोण, असे विचारले तर चार नावे पुढे येतात आणि जबाबदार एकही नसते.

मोबाइलवरच्या ॲपने हीच वाट पुढे नेली. जिल दलझ या दुसऱ्या फ्रेंच विचारवंताने १९९० साली लिहिले होते, की यापुढे नियंत्रणाला भिंतींची गरज उरणार नाही, ते माणसाबरोबर फिरेल. आज जेवण पोहोचवणारा किंवा टॅक्सी चालवणारा तरुण कोणाचा नोकर नाही, कंपनीच्या भाषेत तो ‘पार्टनर’ आहे. पण दर कंपनी ठरवते, वेळ ॲप मोजते आणि गिऱ्हाइकाने दिलेले तारे त्याची लायकी ठरवतात. तारे कमी झाले की काम कमी, आणि एखाद्या सकाळी आयडी बंद. कारण विचारायला दार नाही, दाराशी बसलेला माणूस नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये अशा कामात सुमारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पात्रता सारखी असूनही मुस्लिम किंवा दलित नावाच्या अर्जाला खासगी कंपन्यांकडून मुलाखतीचे बोलावणे कमी येते. ॲप नाव पाहून दार बंद करत नाही. लायसन आणि मोबाइल असला की काम मिळते. मुंब्र्याच्या किंवा कोंढव्याच्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही. पण मुकादमाचा पूर्वग्रह हटला, तरी तो पूर्वग्रह गिऱ्हाइकाच्या हातून परत येऊ शकतो. २०१९ साली जबलपूरमध्ये एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरी करणारा मुसलमान आहे म्हणून झोमॅटोवरची ऑर्डर रद्द केली. कंपनीने त्याचे म्हणणे मानले नाही, हे चांगलेच झाले. पण त्याने आपले कारण उघड सांगितले म्हणून ते कळले. जो काहीच न बोलता एक तारा देऊन मोकळा होतो, त्याच्या मनातले कोण पकडणार?

इथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. आपला दीन शिकवतो की अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क वेगळे आहेत. माणसाचा हक्क मारला तर नुसत्या तौबाने भागत नाही, त्याचा हक्क परत करावा लागतो, त्याची माफी मागावी लागते. त्यासाठी जुलूम करणारा आणि सोसणारा, दोघांना चेहरा हवा. चेहरा नसलेली सत्ता माफी मागत नाही आणि तिला माफ करताही येत नाही. अभियंता म्हणतो, मी फक्त हिशेब लिहिला. व्यवस्थापक म्हणतो, मशीनने ठरवले. गिऱ्हाईक म्हणते, मी फक्त बोट लावले. हक्क मात्र मारला गेलेला असतो.

कोणी म्हणेल, कोणीतरी पाहत असले की माणूस नीट वागतो, त्यात वाईट काय? इमाम गझाली यांनीही ‘मुराकबा’ आणि ‘मुहासबा’ यांवर लिहिलेच आहे. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अल्लाह पाहतो ते नियत पाहतो, उज्र जाणतो. ॲपला आकडा दिसतो. पावसात गाडी बंद पडली, घरी आई आजारी होती, हे आकड्यात येत नाही. मुराकब्याने माणूस आतून मोकळा होतो, ताऱ्यांच्या भीतीने तो आतून आकसतो.

तेव्हा मागणी साधी आहे. सत्तेला पुन्हा चेहरा द्यावा लागेल. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना कामगार मानले. त्यासाठी न्यायालयाने दिलेल्या कारणांत, भाडे कंपनी ठरवते आणि ताऱ्यांच्या आधारे चालकांवर ताबा ठेवते, हीही कारणे होती. न्यायाधीशांनी पडदा बाजूला करून मुकादम ओळखला. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांची व्याख्या आली, कंपन्यांनी कल्याण निधीला हातभार लावण्याची तरतूद आली. पण मालक-नोकर हे नाते तिने मानलेले नाही. काम बंद केले तर कारण कळावे आणि एका जिवंत माणसापुढे बाजू मांडता यावी, एवढा तरी हक्क हवा.

आणि कायदा येईपर्यंत आपल्या हातात काय आहे? मुकादम गेला कुठे याचे अर्धे उत्तर आपल्याच खिशात आहे. त्याची वही फाडून तिचे एकेक पान आपल्या प्रत्येकाला वाटण्यात आले आहे. आपण तारे देतो ती एका माणसाच्या रोजीबद्दल दिलेली गवाही असते. गवाही देताना ज्या भीतीने जीभ जड होते, तीच भीती बोटालाही वाटली पाहिजे. एवढे झाले तर जुलूम मिटेल असे नाही, पण त्यात आपला हिस्सा किती, हे तरी आपल्याला कळेल.